केडगावचे मुक्तिसदन : रोजच्या भाकरीचा विश्वास

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, साधारण साठ किलोमीटरवर केडगाव हे स्टेशन लागते. मुलूख पर्जन्यछायेतला. पाऊस झाला तर जोंधळा-बाजरी, नाही झाला तर खडखडाट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंडिता रमाबाईंनी या माळावर शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली आणि तिथे उभ्या राहिलेल्या मुक्तिसदनात पुढे एका वेळी दोन हजारांच्या घरात बायका-मुली राहू लागल्या. त्यांच्या पोटापाण्यासाठी बँकेत ठेव नव्हती, कुठल्या इस्टेटीचे व्याज नव्हते, की ठरल्या दिवशी ठरलेली रक्कम पाठवण्याची हमी कोणी दिलेली नव्हती. आजची गरज आज देवाकडे मागायची, जे येईल ते त्याच्या हातून आले असे मानायचे, कर्ज काढायचे नाही आणि उद्याचे उद्या पाहायचे, या शिस्तीवर संस्था चालली. मराठी मुलखात आश्रम, मठ आणि अन्नछत्रे पुष्कळ होऊन गेली, पण इतक्या मोठ्या खटल्याचा प्रपंच अशा बेताने चालवल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

या रिवाजाचे मूळ बहुतेक चरित्रकार इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये दाखवतात. तिथे जॉर्ज म्यूलर (१८०५–१८९८) या मूळच्या प्रशियन धर्मोपदेशकाने अनाथगृहे चालवली. पैशासाठी कोणाकडे तोंड उघडायचे नाही, फक्त प्रार्थना करायची, हा त्यांचा नेम होता. प्रार्थना कधी केली आणि मागितलेले कधी मिळाले, हे म्यूलर तारखेनिशी टिपून ठेवत. अनाथगृहात सकाळी पाव नाही, दूध नाही, आणि तेवढ्यात दारात कोणीतरी ते घेऊन उभे, अशा हकिकतींनी त्यांची टिपणे भरलेली आहेत. म्यूलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर आणि दक्षिण समुद्रातील बेटांवर गेलेले जॉन पेटन यांची चरित्रे रमाबाईंनी वाचली. परदेशात जे घडते ते हिंदुस्थानात का घडू नये, असा प्रश्न त्यांना पडला आणि केडगावची घडी त्यातून बसली, असे सांगितले जाते. ते खरेही आहे, पण अर्धेच. ठरलेली मिळकत नसताना, न मागता जे मिळेल त्यावर जगण्याचे शिक्षण रमाबाईंना ब्रिस्टलच्या फार आधी घरातच मिळाले होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला होता. रानात राहून त्यांनी विद्यार्थ्यांना पोसले, येणाऱ्याजाणाऱ्या यात्रेकरूंना जेवू घातले आणि त्यात होते नव्हते ते संपवले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना घरदार मोडून हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले; तान्ह्या मुलीला वेताच्या पेटीत घालून माणसाच्या डोक्यावरून नेले. त्यानंतर या घराला गाव असे उरले नाही. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसून शास्त्रीबुवा पुराण वाचत, पुढे आई आणि मुलेही वाचू लागली. लोक ऐकून जात आणि जाताना फूल-फळ, मूठभर धान्य, एखादे वस्त्र, चार पैसे पोथीपुढे ठेवत. पुराणिकाने मागायचे नसते. ही अयाचित वृत्ती महाराष्ट्राला आणि कर्नाटकाला चांगली ओळखीची. कित्येक सत्पुरुषांनी ती नेमाने पाळली. रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत हे पुराणिकाचे जिणे बारकाईने वर्णिले आहे. त्यातले दांभिकपण त्यांना खुपते, पण वर्णन करताना त्यातला एकही तपशील त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

मात्र याच वृत्तीने घात केल्याचेही रमाबाईंनी पाहिले होते. दुष्काळ पडला. जवळचा पैका दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेला, दागिने गेले, भांडी गेली. ऐकायला येणाऱ्यांच्याच घरी अन्न नव्हते, मग पोथीपुढे कोण काय ठेवणार? हे कुटुंब अकरा दिवस आणि रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर राहिले. १८७४ मध्ये वडील गेले, त्यांच्या मागोमाग आई आणि थोरली बहीणही. मजुरी करण्याची सवय नव्हती आणि पंडिताच्या घरात ती शोभतही नव्हती. भाऊ श्रीनिवास मजुरीला तयार झाला तेव्हा फार उशीर झाला होता. १८९७ साली दुष्काळाच्या अनुभवांवर लिहिताना रमाबाईंनी हे सारे सांगितले. केडगावला प्रार्थनेच्या घंटेबरोबर विहिरीची पहार, विणकामाचा माग आणि शेतातले खुरपे एवढ्या आग्रहाने का आले, हे त्या लेखनातून समजते. देवावर भरवसा ठेवावा, पण त्या भरवशापायी हात बांधून बसू नये, हा धडा त्यांनी आईबापांच्या मरणातून घेतला होता.

मधल्या वर्षांचा इतिहास सर्वश्रुत आहे. १८७८ मध्ये कलकत्त्यात मिळालेल्या पंडिता आणि सरस्वती या पदव्या, भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, १८८१ मध्ये मुलगी मनोरमा हिचा जन्म आणि लगेच पुढच्या वर्षी वैधव्य. पुण्यातला आर्य महिला समाज. १८८३ मध्ये इंग्लंडला प्रयाण आणि तिथे वाँटेज येथे बाप्तिस्मा. १८८६ पासून अमेरिका. तिथे बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत करण्याचे कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाली आणि आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखली गेली. सदनातल्या काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या बातमीने १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, तर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बाप्तिस्मा १८८३ चा असला तरी रमाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना मनाची खरी निश्चिंती १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचल्यावर लाभली. त्याआधी त्यांनी धर्म स्वीकारला होता, पण चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांची कडाक्याची भांडणे चालू होती. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. एका माणसाने दुसऱ्याच्या विवेकावर हुकूमत गाजवावी हे या बाईंना मुळीच सोसत नव्हते. माणसाच्या मिंधेपणाचे त्यांना वावडे होते. पैशासाठी माणसांपुढे हात न पसरण्याच्या त्यांच्या निश्चयामागे धर्मश्रद्धेइतकाच हा ताठ कणाही दिसतो.

केडगावची जमीन घेतली ती मात्र अगदी व्यवहारी हिशोबाने. अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षे १८९८ मध्ये संपणार होती. त्याआधी फळबाग उभी राहिली तर सदनाचा खर्च उत्पन्नातून भागेल, असा बेत होता. त्यासाठी संत्री, लिंबे, आंबे लावले. झाडे हाताशी येण्याआधीच १८९६ चा दुष्काळ आला.

त्याच वर्षी वसंतात लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचे शिबिर भरले होते. रमाबाईंसोबत ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली होत्या. एका पहाटे एकांतात त्यांनी देवाकडे मागणे मागितले की पुढच्या शिबिराच्या आत या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस व्हाव्यात. एवढ्या नेमक्या आकड्याची प्रार्थना ऐकून हसू येईल. पण आकडा नेमका असला की टाळाटाळ करायला जागा उरत नाही. मागणारा आणि देणारा दोघेही बांधले जातात. मग मध्य प्रांतातून दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाई तिकडे गेल्या, सरकारी छावण्या आणि अनाथालये पाहिली आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन परतल्या. अशा तीनशेच्या आसपास मुली आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती आणि सदनात किती मुली ठेवाव्यात यावर निर्बंध आले होते, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर झोपड्यांत हलवले. फळबागेसाठी घेतलेली जमीन अशी वसाहत बनली. २४ सप्टेंबर १८९८ रोजी तिथल्या मुख्य इमारतीची कोनशिला बसली आणि जागेला मुक्ती हे नाव मिळाले.

प्रार्थनेला उत्तर मिळाले, पण ते दुष्काळाच्या वाटेने, असा पेच इथे चिकित्सक वाचकाला पडतो, आणि तो रास्त आहे. ज्या संकटात लाखो माणसे मेली, त्यातच कृपेची खूण कशी शोधावी? रमाबाईंच्या लेखनात याचे तात्त्विक उत्तर मिळत नाही. एक मात्र स्पष्ट आहे: दुष्काळ देवाने पाठवला की नाही, यापेक्षा आज कोणत्या मुलीच्या तोंडात घास पडला, याकडे त्यांचे लक्ष होते. स्वतः उपाशी राहिलेल्या माणसाला तो घास लहान वाटत नाही.

१९०० साली गुजरात आणि राजपुताना होरपळले तेव्हा मुक्तीचा आकडा दोन हजारांजवळ पोहोचला. हा पसारा नजरेसमोर आणायचा तर साधा हिशोब करावा. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरले तरी रोजचे दहा क्विंटल. वर डाळ, मीठ, तेल, भाजी, जळण, कपडे, औषधे. आणि हे सारे आजूबाजूच्या बाजारात टंचाई असताना. पाण्याची गोष्ट तर याहून बिकट. उन्हाळ्यात केडगावच्या माळावर दोन हजार माणसांना पिण्याला, स्वयंपाकाला, धुण्याला आणि वर भाजीच्या वाफ्यांना पाणी पुरवायचे होते. संध्याकाळी विहिरी तळाला जात आणि रात्रभर झऱ्यांनी भरून सकाळी पुन्हा पाणी देत, अशी आठवण मुक्तीच्या परंपरेत सांगितली जाते. भूगर्भशास्त्राला यात अचंबा वाटण्याचे कारण नाही. उपसलेली विहीर रात्रीतून पुन्हा भरू शकते. पण आसपासच्या विहिरी आटत असताना आपली आटली नाही, हे मुक्तीच्या बायकांनी रोज सकाळी पाहिले आणि त्याबद्दल रोज सकाळी आभार मानले. विहीर भरली, गाडीने धान्य आले, टपालात कुठल्या अनोळखी माणसाची छोटी रक्कम आली, आजारी मूल उठून बसले: मुक्तीच्या प्रार्थनेत बहुतेक वेळा असल्याच गोष्टी असत.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. मुक्तीने पैसे मागितले नाहीत हे खरे, पण ती गप्पही बसली नाही. ‘मुक्ती प्रेयर बेल’ नावाचे नियतकालिक इंग्रजीत निघत असे आणि परदेशी वाचकांकडे जात असे. त्यात संस्थेच्या गरजा, मुलींच्या कहाण्या आणि झालेल्या उपकारांची वर्णने असत. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून देणग्या आल्या त्या या वाचकांच्या ओळखीतून. म्यूलरांचे वार्षिक अहवालही याच धर्तीवर काम करत. पाहणाऱ्याला ही नुसती प्रसिद्धीची युक्ती वाटू शकते. रमाबाईंच्या लेखी देवाने जे केले ते सांगणे हे कर्तव्य होते, आणि सांगून कोणाला पाझर फुटला तर तोही देवाचाच कारभार. हिंगण्याला कर्वे याच काळात विधवांसाठी आश्रम उभा करत होते. ते गावोगाव फिरून, दारोदार जाऊन वर्गणी मागत आणि पैचा हिशोब छापत. कर्व्यांना समाजाकडून हक्काने मागता येत होते, कारण समाज त्यांचाच होता. बाटलेली म्हणून पुण्याने टाकलेल्या बाईला तो मार्ग उरलाच नव्हता. न मागण्याच्या व्रतात सक्तीचाही थोडा वाटा होता, असे म्हणायला हरकत नाही.

भरवशाच्या जोडीला कामाची शिस्त होती. विणकाम, शिवणकाम, टोपल्या वळणे, दूधदुभते, तेलघाणी, धोबीकाम, बागकाम असे उद्योग मुक्तीत चालत आणि शाळा तर होतीच. शिक्षिका, देखरेख करणाऱ्या आणि दवाखान्यात मदत करणाऱ्या बहुतेक जणी इथेच वाढलेल्या. अंध मुलींसाठी ब्रेलचे शिक्षण सुरू झाले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा वेगळा विभाग निघाला. अमेरिकेत शिकून १९०० मध्ये परतलेली मनोरमा आईचा उजवा हात बनली. मिनी अब्राम्स या अमेरिकन मिशनरी बाई १८९८ मध्ये येऊन मिळाल्या होत्या. दगडी प्रार्थनामंदिराचे बांधकाम पैसा येईल तसे सावकाश चालले, कारण उधारीवर काही करायचे नाही हा नियम इमारतीलाही लागू होता.

प्रार्थनेचा दुसरा, मोठ्या आवाजाचा अवतार १९०५ मध्ये दिसला. जानेवारीत रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र प्रार्थना करण्यासाठी बोलावले, तेव्हा सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेली. महिनाअखेरीस मुलींना रडू फुटू लागले, सगळ्या मिळून मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, वर्ग आणि कामे थांबली. जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात या घटनेला मानाचे पान आहे. काही मिशनऱ्यांना हा गोंगाट रुचला नाही. रमाबाईंनी मात्र तो दाबला नाही. हिंदुस्थानी मुली आपल्या रीतीने देवाशी बोलत असतील तर पाश्चात्त्य शिष्टाचाराची त्यांच्यावर सक्ती का, अशी त्यांची भूमिका होती. या आठवड्यांची वर्णने फार झाली आहेत. त्यापुढे वर्षानुवर्षे चाललेल्या साध्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेकडे कोणी फारसे पाहत नाही, आणि संस्था चालली ती मात्र त्या साध्या प्रार्थनेवर.

त्याच सुमारास रमाबाईंनी आयुष्यातले सर्वांत चिवट काम हाती घेतले. मराठी बायबलची प्रचलित भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. संस्कृतप्रचुर शब्द आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेल्या संज्ञा टाळून, मुक्तीतल्या मुलींना वाचता येईल अशा मराठीत सबंध बायबल आणायचे त्यांनी ठरवले. त्यासाठी चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतच्या या पंडितेने जाणूनबुजून संस्कृत बाजूला सारावे, यातली गंमत मराठी वाचकाच्या नजरेतून सुटू नये. छपाईही बाहेर दिली नाही. मुक्तीत छापखाना होता आणि खिळे जुळवण्यापासून पाने बांधण्यापर्यंत सारे काम बायका करत. दुष्काळात उचलून आणलेली, अक्षरओळख नसलेली मुलगी काही वर्षांनी खान्यातून उलटे खिळे वेचून ओळ जुळवते, मुद्रिते काढते, पुन्हा दुरुस्त करते. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या कामगार बायकांची नोंद व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

शेवटची वर्षे खडतर होती. कानाने ऐकू येईनासे झाले होते. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच गेली. रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम थांबवले नाही. ते पुरे करण्यापुरते आणखी दहा दिवस मिळावेत अशी त्यांनी प्रार्थना केली आणि तेवढे दिवस मिळाले, असे मुक्तीत सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. भाषांतर पूर्ण झाले होते; सबंध बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.

पुढे बराच काळ महाराष्ट्राने रमाबाईंना परक्यासारखे वागवले. ख्रिस्ती झालेली म्हणून सुधारकांच्या नामावळीत त्यांचे नाव मागे पडले, आणि मिशनरी वाङ्मयाने त्यांना नुसती श्रद्धाळू बाई करून टाकले. १९६० मध्ये देवदत्त नारायण टिळकांनी मराठीत विस्तृत चरित्र लिहिले. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केलेला पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला आणि वाद घालणाऱ्या, अटी घालणाऱ्या, कोणाचे न ऐकणाऱ्या रमाबाई अभ्यासकांसमोर आल्या. १९८९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. केडगावचे रमाबाई मुक्ती मिशन अजून चालू आहे; निराधार मुली आणि स्त्रिया तिथे राहतात.